जाळी, जंतू आणि किंमत

(हमाल, आरोग्यसेवक व कार्यकर्ते यांच्यासमोर हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हळदीचा हंगाम सुरू झाला की हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात आणि वसमतच्या मोंढ्यात दिवस उजाडण्यापूर्वीच कट्ट्यांची थप्पी लागू लागते. शेतकरी भावाकडे डोळे लावून बसतो, अडत्या वजनाकडे, व्यापारी रंगाकडे. या सर्वांच्या मधून पाठीवर कट्टा घेऊन जो माणूस दिवसभर ये-जा करतो, त्याच्या पोटाच्या स्नायूंकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. एके दिवशी आंघोळ करताना त्याला जांघेत लिंबाएवढी गाठ हाताला लागते. खोकला आला की ती वाढते, आडवे झाले की जाते. तो ती कोणाला दाखवत नाही. गाठीपेक्षा लाज मोठी असते आणि लाजेपेक्षा रोजगार मोठा असतो. दोन-चार वर्षे तो कमरेला पट्टा बांधून वजन उचलतो. मग एखाद्या रात्री गाठ आत जाईनाशी होते, उलट्या सुरू होतात, आणि खासगी जीप करून त्याला नांदेडला न्यावे लागते.

या रोगाला मराठीत अंतर्गळ असा अत्यंत समर्पक शब्द आहे. जे आत असावयाचे ते गळून बाहेर येते, इतकेच त्याचे शरीरशास्त्र. तो केवळ ओझ्यानेच होतो असे ठामपणे म्हणता येत नाही. जन्मजात कमजोरी, जुनाट खोकला, तंबाखू, वय, लघवीला जोर करावा लागणे ही कारणेही असतात, आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्यालाही अंतर्गळ होतो. परंतु खुर्चीत बसणाऱ्याला तो झाला तर पंधरा दिवसांची रजा पडते. हमालाला झाला तर घर बसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका माणसाने नेहमी वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोहून अधिक असू नये अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांचा कायदा केला, आणि त्याबद्दल या राज्याला अभिमान वाटणे योग्यच आहे. तथापि कायद्याने मजुरी व भविष्यनिर्वाह निधी यांची नोंदवही निर्माण केली. पोटाच्या भिंतीची नोंदवही अद्याप कोणी ठेवलेली नाही.

अंतर्गळावर औषध नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील बास्सिनी या शल्यविशारदाने स्नायूंचे कड एकमेकांना ओढून शिवण्याची पद्धत घालून दिली, आणि पुढची शंभर वर्षे जगभर कमीअधिक फरकाने तीच चालली. तिच्यात दोष एक होता. ओढून शिवलेले कापड ताण पडला की उसवते, तसे हे टाके काही रुग्णांमध्ये सुटत, आणि ज्याला शस्त्रक्रियेनंतर पुन्हा कट्टा उचलावयाचा आहे त्याच्यात तर ही भीती अधिकच. म्हणून ओढून शिवण्याऐवजी ठिगळ लावावे असा विचार पुढे आला. अमेरिकेतील फ्रान्सिस अशर यांनी १९५८ च्या सुमारास प्लॅस्टिकच्या धाग्याची विणलेली जाळी वापरून दाखविली. ती पॉलिएथिलीनची होती, पॉलिप्रॉपिलीन मागाहून आले. हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. १९८० नंतरच्या दशकात लिक्टेनस्टाइन यांनी जाळीची पद्धत इतकी सोपी केली की ती सामान्य शल्यविशारदाच्या हाती आली. आज जगात दरवर्षी अंतर्गळाच्या दोन कोटींहून अधिक शस्त्रक्रिया होतात असा अंदाज आहे, आणि २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी जाळीलाच प्रथम पसंती दिली आहे.

परंतु जाळी ही परकी वस्तू आहे, आणि शरीरात परकी वस्तू ठेवणे म्हणजे जंतूंना आसरा देणे. ही केवळ कल्पना नव्हे. १९५७ साली एलेक आणि कोनेन या दोघांनी स्वयंसेवकांच्या कातडीत पू करणारे जंतू मोजून टोचले. नुसते जंतू टोचले तर पू होण्यास काही दशलक्ष लागले. तेथेच रेशमी टाका असेल, तर काही शेकडा जंतू पुरले. एका क्षुल्लक धाग्याने शरीराचा बचाव दहा हजार पटींनी दुबळा केला. याचे कारण असे की, परक्या वस्तूच्या पृष्ठभागावर जंतू चिकटतात आणि स्वतःभोवती एक चिकट साय तयार करतात. त्या सायीखाली रक्तातील पांढऱ्या पेशी पोचत नाहीत, औषधही पुरेसे पोचत नाही. वरून जखम भरलेली दिसते. महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, तेथे फोड येतो, फुटतो, वाहू लागतो. प्रतिजैविकांनी तो कोरडा होतो, गोळ्या थांबल्या की पुन्हा वाहतो. शेवटी जाळी काढावी लागते. स्नायूंत रुजलेली जाळी काढणे ही पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी अवघड शस्त्रक्रिया असते, आणि ती झाल्यावर अंतर्गळ पुन्हा होण्याची वाट मोकळी होते.

याची भीती घालून कोणाला शस्त्रक्रियेपासून परावृत्त करावयाचे नाही. जांघेतील अंतर्गळाच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत जाळीपर्यंत पोचणारा खोल जंतुदोष चांगल्या रुग्णालयात शंभरात एकाहूनही कमी आढळतो. वरवरच्या जखमेचा दोष त्याहून अधिक असतो, पण तो बहुधा बरा होतो. पोटावरील जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून आलेल्या अंतर्गळात मात्र धोका वाढतो. मधुमेह, तंबाखू व लठ्ठपणा यांनीही तो वाढतो.

आता प्रश्न असा की, सर्व जाळ्या सारख्याच धोक्याच्या काय? तशा नाहीत, आणि येथे विणकामाचे साधे ज्ञान उपयोगी पडते. काही जाळ्यांचा धागा अनेक बारीक तंतूंना पीळ देऊन केलेला असतो, काहींचा एकेरी तंतूचा. जंतू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. त्याला खाऊन टाकणारी पेशी दहा मायक्रॉनहून मोठी असते. पीळदार धाग्याच्या फटींत चोर शिरू शकतो, शिपाई शिरू शकत नाही. एकेरी तंतूची, मोठ्या छिद्रांची जाळी असेल तर चोराला लपण्यास जागा कमी आणि शिपायाला वाट मोकळी. अशी जाळी जंतुदोष होऊनही पुष्कळदा वाचविता येते, बंदिस्त विणीची बहुधा काढावीच लागते. म्हणजे धोका ठरतो तो धाग्याच्या घडणीवरून आणि छिद्राच्या मापावरून. वेष्टनावर कोणत्या देशाचे नाव आहे यावरून तो ठरत नाही.

ही गोष्ट महाराष्ट्रातील एका ग्रामीण शल्यविशारदाने ओळखली. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे मोठे गाव, पण शहर म्हणता येईल असे नव्हे. तेथील डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांच्यापुढे १९९० नंतरच्या दशकात जो प्रश्न होता तोच हिंगोली, सेनगाव, कळमनुरी येथे होता: आयात केलेली जाळी रुग्णाला परवडत नाही, आणि जाळीवाचून शिवले तर ती जुनीच पद्धत. बाजारात मिळणाऱ्या साध्या मच्छरदाणीचे कापड हे त्या महागड्या जाळीसारखे दिसते एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या कापडाचे रसायन कोणते हे त्यांनी पाहिले. ते पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांच्याच कुळातले निघाले. अशर यांनी १९५८ साली ज्या पदार्थापासून प्रारंभ केला, त्याचाच हा खेड्यातला नातेवाईक. ते कापड धुऊन, कापून, वाफेच्या दाबाने निर्जंतुक करून त्यांनी वापरले. निरनिराळ्या ठिकाणच्या सहकाऱ्यांबरोबर ३५९ अंतर्गळांवरील शस्त्रक्रियांचा वृत्तान्त त्यांनी २००३ साली भारतीय शल्यविशारदांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

तेव्हा पुष्कळांना हसू आले असणार. माणसाच्या पोटात मच्छरदाणी, हा मथळाच हास्यास्पद वाटतो. पण पुढे आफ्रिकेतील बुर्किना फासो व घाना येथे हे प्रयोग झाले. इंग्लंडमधील शल्यविशारदांनी प्रयोगशाळेत अशा जाळीवर जंतू वाढवून पाहिले, आणि एकेरी तंतूच्या विकतच्या जाळीपेक्षा तिच्यावर ते अधिक चिकटत नाहीत असे त्यांना २०१३ साली आढळले. मग युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर चाचणी झाली. कोणाला कोणती जाळी हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविलेले होते आणि रुग्णाला ते ठाऊक नव्हते. २०१६ साली अमेरिकेतील अत्यंत प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाने तिचे निष्कर्ष छापले. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एका रुग्णाचा अंतर्गळ उलटला, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. लहानमोठे उपद्रव स्वस्त गटात शेकडा ३०.८ आणि महाग गटात शेकडा २९.७. म्हणजे व्यवहारात फरक नाही. किमतीत मात्र होता. एक जाळी सुमारे एका डॉलरची, दुसरी सुमारे १२५ डॉलरची.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावयास हवा. परिणाम सारखा असलेल्या दोन वस्तूंत सव्वाशे पटींचा फरक कशाचा? प्लॅस्टिकचा नक्कीच नव्हे. त्यातला काही भाग खरोखरच उपयुक्त अशा गोष्टीचा आहे: प्रत्येक जाळी एकसारखी असेल याची हमी, निर्जंतुक वेष्टन, गटक्रमांक, चूक झाल्यास जबाबदार धरता येईल असा उत्पादक. या हमीला किंमत आहे आणि ती दिली पाहिजे. उरलेला भाग मक्तेदारीचा, प्रचाराचा आणि मधल्या हातांचा आहे. देशी कंपन्या जाळ्या करू लागल्यापासून भाव उतरले हे खरे. पण रुग्णालयाची खरेदीची किंमत एक आणि रुग्णाच्या बिलावरची दुसरी, हा प्रकार संपलेला नाही. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर शेकडा १७३७ पर्यंत नफा आढळला. हृदयाच्या स्टेंटवर सरकारने २०१७ साली कमाल किंमत बसविली, औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये. आकाश कोसळले नाही. जाळीवर अशी कमाल किंमत बसलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आणि वर्षाला शेकडा दहाहून अधिक भाववाढ करता येत नाही, इतकेच. आधीच फुगविलेल्या किमतीवर वर्षाला दहा टक्के वाढीची मुभा म्हणजे रोख्याचे व्याजच होय.

परंतु यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, उद्यापासून मोंढ्याशेजारच्या दुकानातून मच्छरदाणी आणून कापावी, तर तो घातक ठरेल. मच्छरदाणी ही एक वस्तू नव्हे. बाजारातील कित्येक मच्छरदाण्या पीळदार पॉलिएस्टरच्या असतात, म्हणजे जंतूंना सोयीच्या. कित्येकांना डास मारणारे रसायन लावलेले असते. उष्णतेचेही तसेच. या कापडाला वाफेचे १२१ अंश सोसतात. घाईने १३४ अंशांवर चढविले तर ते आकसते. कापडाचा पुढचा गठ्ठा मागच्यासारखाच आहे हे कोण सांगणार? दोंडाईचा येथे एक सावध, अभ्यासू माणूस ती जबाबदारी स्वतः घेत होता. सर्व तालुक्यांत असा माणूस मिळेल यावर आरोग्यव्यवस्था उभारता येत नाही. शिवाय आजच्या कायद्याप्रमाणे शरीरात बसवावयाच्या वस्तूला परवाना लागतो, आणि लागला पाहिजे.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. गरिबाला मच्छरदाणी आणि श्रीमंताला परदेशी जाळी, ही समता काय? हा आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण त्यांच्यासमोर खरी निवड त्या दोन जाळ्यांमधील नसते. ती जाळी आणि कमरेचा पट्टा यांमधील असते. आणि स्वस्त जाळी तितकीच चांगली असेल तर ती श्रीमंतालाही द्यावी. मग विषमतेचा प्रश्नच उरत नाही. जेथे दर्जा सिद्ध झालेला आहे तेथे स्वस्ताईला दुय्यम समजणे हा एक प्रकारचा वर्णाभिमान आहे.

जाळीच लागते काय, असाही प्रश्न आहे. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ साली जाळीवाचूनची पद्धत प्रसिद्ध केली. तीत रुग्णाच्याच पोटावरील बळकट पडद्याची एक पट्टी, मुळापासून न तोडता, कमजोर जागी बसविली जाते. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर तिची जाळीशी तुलना झाली आणि तीन वर्षांत दोन्ही गटांत दोन-दोन रुग्णांचाच अंतर्गळ उलटला. परकी वस्तूच नाही म्हटल्यावर तिच्यावर चिकटणाऱ्या जंतूंचा प्रश्नही नाही. जेथे जखम आधीच दूषित आहे, आतडे अडकून काळे पडले आहे, तेथे तर बहुतेक शल्यविशारद जाळी टाकण्यास कचरतात. ज्याला उशिरा रुग्णालयात पोचावे लागते त्याच्या वाट्याला ही अवस्था अधिक येते. हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रारंभ ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. तेथून बाहेर पडणाऱ्या शल्यविशारदांना ही देशी पद्धत हाताने करता यावी, अशी अपेक्षा ठेवण्यात गैर काही नाही.

खरे सांगावयाचे तर, जाळी एक डॉलरची असो की सव्वाशे डॉलरची, जंतू बहुधा कारखान्यातून येत नाहीत. ते रुग्णाच्या कातडीवरून, शस्त्रक्रियागृहातल्या हातांवरून आणि पाण्यातून येतात. आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढण्याची जुनी चाल अनेक ठिकाणी अजून आहे. वस्तऱ्याचे न दिसणारे ओरखडे रात्रभर जंतूंची पैदास करतात हे सिद्ध होऊन कित्येक वर्षे झाली, आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही वस्तरा नको असेच सांगितले. मोठी जाळी घेऊन तिचे तुकडे दोघा-तिघा रुग्णांत वापरावयाचे आणि उरलेला तुकडा पुन्हा निर्जंतुक करावयाचा, ही काटकसरही घडते. काटकसर समजण्यासारखी आहे, पण पुन्हा निर्जंतुक कसे केले याची नोंद कोठेच नसते.

यापेक्षा वाईट प्रकार दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत दिसतो. दुर्बिणीची हत्यारे नाजूक म्हणून वाफेच्या दाबात न घालता ग्लुटाराल्डिहाइड या द्रावणात बुडवितात. सर्व प्रकारचे जंतू आणि त्यांची बीजे मरण्यास तास न् तास लागतात. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये वीस मिनिटे मिळतात. मग ती हत्यारे पाण्याने विसळतात, आणि त्या पाण्यातच क्षयाच्या जंतूंचे चुलतभाऊ असतात. त्यांची तऱ्हा विलक्षण आहे. जखम भरते, टाके निघतात, रुग्ण घरी जातो, आणि तीन-चार आठवड्यांनी व्रणातून पाणी झिरपू लागते. नेहमीच्या तपासणीत जंतू सापडत नाही, नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत. कोणी क्षय समजून औषध देतो. खरा उपचार महिनोन्महिने चालतो. खाली जाळी असेल तर तिचे काय होणार हे सांगावयास नको. भारतातील शल्यविशारदांनी असे रुग्ण वारंवार नोंदविले आहेत. अशा रुग्णाचा हिशोब कोण मांडतो? शस्त्रक्रियेचे बिल फिटलेले असते, योजनेचे पैसे रुग्णालयाला मिळालेले असतात. पुढचे सहा महिने बुडालेली मजुरी, प्रवास, गोळ्या आणि सावकार हे सारे हमालाच्या खात्यावर पडते. ज्याला अर्थशास्त्रज्ञ जोखीम म्हणतात ती येथे सर्वांत दुबळ्या खांद्यावर सरकवलेली असते, आणि तो खांदा तर कट्ट्याने आधीच वाकलेला.

मग मार्ग कोणता? १८९९ साली प्लेगच्या लशीसाठी मुंबईत परळला सरकारी प्रयोगशाळा उभी राहिली. तिलाच पुढे हाफकिन यांचे नाव मिळाले, आणि १९७५ मध्ये तिच्या उत्पादन विभागाचे सार्वजनिक महामंडळ झाले. ज्या राज्याला सर्पदंशाची लस करता आली, त्याला प्लॅस्टिकची जाळी विणता, कापता, निर्जंतुक करता आणि वेष्टनावर क्रमांक घालता येणार नाही, असे मानण्यास कारण नाही. मदुराईला १९९२ मध्ये एका सेवाभावी नेत्ररुग्णालयाने डोळ्यांत बसवावयाचे भिंग स्वतः बनविण्यास प्रारंभ केला, आणि परदेशी भिंगाच्या किमतीच्या लहानशा अंशात ते देऊन दाखविले. जाळीचे तंत्र भिंगापेक्षा सोपे आहे. युगांडातल्या चाचणीने पुरावा दिला आहे, दोंडाईच्याने वाट दाखविली आहे. हवे आहे ते शासनाचे उत्पादन आणि शासनाची हमी.

अर्थात सरकारी यंत्रणेबद्दल भाबडेपणा बाळगून चालणार नाही. २०१७ पासून राज्याची औषधखरेदी हाफकिनकडे सोपविली गेली, तिच्या दिरंगाईच्या तक्रारी सर्वत्र झाल्या, आणि २०२३ साली खरेदीसाठी वेगळे प्राधिकरण करावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बालके होती. हिंगोलीचा अत्यवस्थ रुग्ण याच रुग्णालयाकडे धावतो. खरेदी करणे आणि उत्पादन करणे या भिन्न गोष्टी आहेत हे खरे, पण जाळी तयार होऊन गोदामात पडून राहिली तर तिचा उपयोग मच्छरदाणीइतकाही नाही.

जोपर्यंत ती तयार होत नाही तोपर्यंत एक काम हमालांच्या संघटनांना व आरोग्यसेवकांना पैशावाचून करता येण्यासारखे आहे. जाळीच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव, गटक्रमांक आणि मुदत असलेली चिकटपट्टी असते. ती रुग्णाच्या घरी जाण्याच्या कागदावर चिकटविण्याचा आग्रह धरावा. जेथे तुकडा वापरला असेल, तेथे तो कोणत्या दिवशी, कोठे आणि कोणत्या रीतीने निर्जंतुक केला हे लिहून मागावे. आणि शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी व एका वर्षाने तो माणूस कट्टा उचलतो आहे की घरी बसला आहे, हे यार्डातील एखाद्या वहीत टिपून ठेवावे. जाळीला जंतुदोष झाला तर तो बहुधा घरी गेल्यावरच उघड होतो, आणि तेथवर रुग्णालयाची नोंद पोचत नाही.